तासाभराची बाटली

दोंडाईचा,
९ फेब्रुवारी १९९२

जीवरामभाऊ,

एरवी तुम्हाला लिहिते तो मायना आज हातून उतरला नाही. राग मानू नका. मानलात तरी चालेल.

तुमच्या ऑफिसातल्या झुलालच्या हाती पाठवलेला अर्ज मिळाला. त्याने तुमचा निरोपही सांगितला, की वहिनींनी फक्त सही करायची, वाचत बसायचं नाही. मी शाळेत मराठी शिकवते, भाऊ. मी वाचला. झुलाल ओट्यावर चहा पीत होता तेवढ्या वेळात दोनदा वाचला.

तुम्ही ग्राहक मंचाला लिहिलं आहे, की तुमचे धाकटे बंधू मगन यांना किरकोळ ताप आला असता जळगावच्या डॉ. भंगाळे यांनी त्यांना विषारी इंजेक्शनं भरभर टोचली, त्यामुळे त्यांची लघवी बंद झाली आणि स्मरणशक्ती कायमची गेली. खाली 'पत्नी' असं टाइप करून माझ्या सहीला जागा सोडली आहे.

मी सही करणार नाही. का नाही ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण आपल्या दोघांपैकी एकाने तरी झालं तसं लिहून ठेवायला हवं.

ताप किरकोळ नव्हता. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर मिरचीचा हंगाम भरात होता आणि हे पहाटेपासून बाजार समितीत लिलाव पुकारत होते. डोकं दुखतंय म्हणाले, अंग तापलं. आम्हाला वाटलं, दिवसभर मिरचीच्या खकाण्यात उभं राहून झालं असेल. मग ते घरात फिरून प्रत्येक कोपरा हुंगायला लागले. "घरमां मिरची जळी रायनी," म्हणायचे. चूल विझलेली होती. मी त्यांना चुलीतली थंड राख दाखवली. त्यांना पटेना. दुसऱ्या दिवशी खाटेवर उभे राहून लिलाव पुकारायला लागले, आणि ज्या व्यापाऱ्यांची नावं झोपेत विचारली तरी सांगायचे ती सगळी चुकायला लागली. रत्नाला जवळ घेऊन मला विचारलं, "ही पोर कोनी शे?" स्वतःची सहा वर्षांची मुलगी, भाऊ.

आई म्हणाल्या, बाहेरचं आहे, साक्रीकडच्या भगताला बोलवा. तेव्हा तुम्हीच जीप घेऊन आलात, आणि आईंना गप्प करून यांना जळगावला नेलंत. ते मी विसरलेले नाही. वाटेत यांना झटका आला तेव्हा तुम्ही स्वतःचा हातरुमाल त्यांच्या दातांत धरला होता, तुमचं बोट फुटलं होतं. त्या दिवशीचे तुम्ही मला आठवता, म्हणूनच हा अर्ज वाचवत नाही.

अर्ज परत पाठवते आहे.

सुगंधा


दोंडाईचा,
२ मार्च १९९२

जीवरामभाऊ,

तुमचं उत्तर आलं. 'बाईमाणसाला औषधपाण्यातलं काय कळतं, आणि दवाखान्यात तू नुसती उशाशी बसून होतीस,' असं तुम्ही लिहिता.

बसून होते हे खरं. म्हणून तर पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे याच भंगाळेबाईंनी, मणक्यातलं पाणी काढून तपासलं आणि आपल्या दोघांना बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, की मेंदूला सूज आहे, हर्पीस नावाच्या विषाणूची असावी. खात्री करायची सोय इथे नाही, पण खात्रीची वाट बघितली तर माणूस हाती लागणार नाही. औषध निघालं आहे, शिरेतून द्यायचं, ते मुंबईहून मागवावं लागेल. तुम्ही नेमीचंदशेठच्या मेडिकलमध्ये जाऊन बसलात, आणि त्यांच्या मुंबईच्या भाच्याने दुसऱ्या दिवशीच्या गाडीने कुप्या पाठवल्या. हेही मी विसरलेले नाही.

पहिली कुपी लावायच्या आधी बाईंनी यांचं वजन केलं, कारण मात्रा वजनावर ठरते. मूत्रपिंडाचं काम बघायला रक्त तपासलं. मग कुपीतली पांढरी पूड विरघळवून सलाइनच्या बाटलीत घातली आणि मला म्हणाल्या, "ताई, ही बाटली तासाभराच्या आत संपता कामा नये. थेंब जोरात पडायला लागले तर सिस्टरला हाक मारा. हे औषध घाईत गेलं तर लघवीच्या वाटेत त्याचे बारीक खडे साचतात आणि मूत्रपिंड बंद पडतं. म्हणून वेगळं सलाइनही चालू ठेवलंय. लघवी किती होते ते मोजायचं. हात सुजला, आग झाली, तरी लगेच सांगायचं. औषध शिरेच्या बाहेर गेलं तर कातडी जाळतं."

आठ आठ तासांनी अशी एक बाटली. एकदा रक्तात थोडी गडबड दिसली तर त्यांनी मात्रा कमी केली, पाणी वाढवलं, आणि ते निवळलं. विषारी इंजेक्शनं टोचणाऱ्या बाईने हे कशाला केलं असतं?

आणि हे सुधारले, भाऊ. ताप उतरला. रत्नाला नावाने हाक मारली. दहाव्या दिवशी तुम्ही आईंना घेऊन आलात तेव्हा उशीला टेकून बसले होते, आणि तुम्हाला पाहताच पहिला प्रश्न मिरचीच्या भावाचा. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. आपल्या घरात त्यानंतर कोणी कोणाकडे बघून तसं हसलेलं नाही.

त्याच दिवशी तुम्ही खाटेला लटकवलेला कागद वाचलात. त्यावर रोगाचं नाव होतं. तुम्ही ते शब्द पुटपुटत खाली गेलात, कुणा ओळखीच्या माणसाला विचारून आलात, आणि तुमचा चेहरा पार बदलला होता.

"हाऊ तर घाणेरडा रोग शे," तुम्ही म्हणालात. "मना पोरनी सोयरीक चोपडाले ठरनी शे. हाई नाव तठे गयं तर?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, तो प्रकार वेगळा. ताप उतरताना ओठाच्या कडेला पुरळ उठतं ना, त्यातला हा विषाणू आहे. तुमच्या-माझ्याही अंगात लहानपणापासून असेल. क्वचित कुणाच्या मेंदूत शिरतो. यात कुणाचं वागणं वाईट असण्याचा संबंध नाही."

"बठ्ठा बरा शे आते. आम्ही घर लयी जातस."

"बरे दिसताहेत. बरे झालेले नाहीत. औषध अर्ध्यात सोडलं तर आजार उलटतो. किमान चौदा दिवस, शक्य तर एकवीस."

मी म्हटलं, "भाऊ, मी यांना नेऊ देणार नाही." तुमच्यासमोर इतक्या वर्षांत मी मोठ्याने बोलले ते तेवढंच. तुम्ही उत्तर मला दिलं नाही, आईंकडे बघून दिलंत. "हिला समजाव." आणि यांनी स्वतःच लहान मुलासारखं तुमचं मनगट धरलं, "भाऊ, माले घर लयी चाल." मग माझं कोण ऐकणार होतं?

बाईंनी उरलेल्या कुप्या दिल्या. धुळ्याच्या एका दवाखान्याच्या नावे चिठ्ठी दिली, की आजच दाखल करून पुढचे डोस द्या. त्याच चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीतही लिहिलं होतं, बाटलीतून, एक तास. त्याखाली दोन रेघा होत्या. जीप धुळ्यात थांबलीच नाही. मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, गावात आपले लोटन डॉक्टर आहेत, सुई तर सुईच.

पुढचं तुम्ही अर्जात डॉक्टरीणबाईंच्या नावावर लिहिलं आहे. ते आपल्या गावात, लोटन डॉक्टरांच्या ओसरीवर झालं. लोटन डॉक्टरांनी पूड विरघळवून मोठ्या पिचकारीत ओढली. मी म्हटलं, "बाटलीतून द्या, तास लागतो." ते हसले. "वहिनी, तासभर बाटली धरून कोण बसेल? बाहेर पेशंट उभे आहेत." त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "द्या."

बाटली मी धरली असती, भाऊ. रात्रंदिवस धरली असती.

सुगंधा


दोंडाईचा,
१९ जुलै १९९२

जीवरामभाऊ,

काल मी शाळेतून आले तेव्हा हे ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या बोटाला शाई होती. विचारलं, ही शाई कसली? त्यांना सांगता येईना. पाच मिनिटांपूर्वी काय झालं ते त्यांना सांगता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याच भरवशावर तुम्ही आला होतात. शेजारच्या यशोदाबाईंनी सांगितलं, जीवरामभाऊ येऊन गेले, कागदावर मगनभाऊंची सही घेतली, पेढे ठेवून गेले.

माझी मिळाली नाही म्हणून त्यांची घेतलीत. समोर ठेवलेल्या कोणत्याही कागदावर ते सही करतात. सही तेवढी शिल्लक आहे, अगदी पूर्वीसारखी, खाली टिंब देऊन. तुम्ही त्यांच्याकडून त्यांना वाचवणाऱ्या बाईविरुद्ध सही करून घेतलीत.

तुम्ही नोकरीसाठी जळगावला निघून गेलात, म्हणून ओसरीनंतरचे दिवस तुम्ही पाहिले नाहीत. ते लिहिते. संध्याकाळी हात कोपरापर्यंत सुजला, सुई होती तिथली कातडी लाल झाली. लोटन डॉक्टरांनी दुसऱ्या हातात तशीच पिचकारी दिली. दुसऱ्या दिवशी कमरेत कळा, उलट्या, आणि लघवीचा थेंब नाही. "गरमी झाली," म्हणून त्यांनी औषध बंद करून टाकलं आणि धन्याचं पाणी पाजायला सांगितलं. तीन दिवस औषध नाही. तिसऱ्या दिवशी ताप परत चढला आणि झटक्यामागून झटका. तुम्हाला फोन करायला पोस्टात गेले तर तुम्ही साइटवर. शेवटी मी दूधवाल्याच्या टेम्पोत घालून त्यांना जळगावला नेलं. एकटीने. आई म्हणाल्या, जीवरामला विचारल्याशिवाय नेऊ नको. मी विचारलं नाही. आधीही कुणाला विचारत बसले नसते तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे पाहिलं, चिडल्या नाहीत. "आत घ्या," एवढंच म्हणाल्या. मूत्रपिंडं पंधरवड्यात सुधारली, कारण त्यांनी पाण्याने आणि मोजक्या औषधाने ती सांभाळली. डोक्यात जे जळायचं ते जळून गेलं होतं. जीव वाचला.

तुम्ही अर्ज दाखल कराल, माहीत आहे. मी मंचासमोर येऊन झालं ते सांगणार आहे. ओसरीवर कोण कोण होतं, तेही सांगेन. जाऊ म्हणून तुमच्या कुसुमच्या आईला मी नेहमी मान दिला, त्यांना माझं हे बोलणं ऐकावं लागेल याचं वाईट वाटतं. तुमचं वाटत नाही.

पेढे रत्नाने खाल्ले नाहीत. मी सांगितलं नव्हतं.

सुगंधा


दोंडाईचा,
५ डिसेंबर १९९३

जीवरामभाऊ,

निकाल तुम्हाला कळलाच. अर्ज फेटाळला. तुमच्या वकिलाने मला सगळ्यांसमोर विचारलं, "हर्पीस हा रोग पतीला कोणाकडून झाला असावा, असं तुम्हाला वाटतं?" त्या वेळी तुम्ही खाली बघत होतात. हा प्रश्न त्या वकिलाला सुचलेला नाही, हे मला ठाऊक आहे.

ही गोष्ट मी आधीच्या पत्रांत लिहिली नाही. लिहायची लाज वाटत होती, आणि ती लाज माझी नव्हे, हे समजायला मला दोन वर्षं लागली. जीपमधून गावी जाताना हे मागे झोपले होते. तुम्ही पुढच्या सीटवरून न वळता मला विचारलंत, "रत्नानी माय, तुनं तर काही नही ना?" मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, मला ताप नाही. तुम्ही म्हणालात, "तापनं नही इचारत."

आई ऐकत होत्या. आठवड्याच्या आत गावभर झालं. विहिरीवर मी पाण्याला गेले की बाया कळशा बाजूला सरकवायच्या. माझ्या माहेरी शिरपूरला कोणी तरी जाऊन सांगून आलं, आणि माझा बाप, जो कधी मोठ्याने बोलला नाही, त्याने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "बेटा, खरं काय ते सांग." माझ्या बापाला माझ्याकडे असं बघायला लावलंत, भाऊ. दोन महिन्यांनी तो वारला. त्याचं माझ्या बोलण्याने समाधान झालं होतं की नाही, मला कळलं नाही. आता कळायची सोय नाही.

कुसुमचं लग्न चोपड्यालाच झालं, चांगलं झालं. पोरीचा काही दोष नाही. देव तिला सुखी ठेवो.

निकालानंतर मी डॉ. भंगाळेंना भेटायला गेले. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही आलात म्हणून मी सुटले. पण आता असा पेशंट आला की मी हात लावत नाही. सरळ मोठ्या गावाला पाठवते. माझ्या सासऱ्यांना मंचाची नोटीस घरी आलेली सहन झाली नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मागच्या महिन्यात मुक्ताईनगरकडची एक मुलगी आणली होती. तीच लक्षणं. औषध कपाटात होतं माझ्या. औरंगाबादला घेऊन जा म्हटलं. अजिंठ्याचा घाट चढायच्या आतच गेली, म्हणे."

मी चहा अर्धा ठेवून उठले.

त्या मुलीचे आईबाप तुम्हाला ओळखत नाहीत. तुमच्यावर अर्ज करायला ते कधी येणार नाहीत. म्हणून मी तुम्हाला कळवते आहे.

सुगंधा


दोंडाईचा,
११ मार्च १९९६

जीवरामभाऊ,

दोन वर्षांनी लिहिते आहे. माझ्या मनाने लिहीत नाही.

यांची तब्येत बरी आहे. जेवतात, फिरतात. बाजार समितीच्या लोकांनी भलेपणाने त्यांना हंगामात फाटकाशी बसू दिलं आहे. गाड्या आत आल्या की उठून उभे राहतात, तोंड उघडतात, पुकारायचं ते ओठापर्यंत येतं आणि तिथेच अडतं. समोर लाल ढीग असतो आणि त्याला काय म्हणतात ते सापडत नाही. मग हात जोडून खाली बसतात. जुने व्यापारी दुसरीकडे बघतात.

आजारापूर्वीचं बरंच आठवतं. त्यानंतरचं काहीच थांबत नाही. रत्ना अकरा वर्षांची झाली. तिला ते शेजारची मुलगी समजतात, आणि सहा वर्षांच्या रत्नाला हाका मारत बसतात. ती आता "बाबा" म्हणायची थांबली आहे. "काका, जेवायला चला," म्हणते, म्हणजे ते निमूट उठतात. मी तिला रागावले नाही. तिने आपला मार्ग शोधला.

थंडी सरल्यापासून त्यांनी नवीनच धरलं आहे. रोज संध्याकाळी पायरीवर बसतात आणि रस्त्याकडे बघत विचारतात, "भाऊ उना नही? कितला दिन व्हयनात." मी म्हणते, येतील. थोड्या वेळाने पुन्हा. लहानपणी तुम्ही त्यांना खांद्यावर बसवून तापी दाखवायला नेलं होतं, ती गोष्ट मला सांगतात. गोष्ट संपली की पुन्हा तोच प्रश्न.

जगात एका माणसाला तुमच्यावर रागवायचा पहिला हक्क होता. तो माणूस तुमची वाट बघतो. मी किती वेळा ठरवलं, की आज सांगते त्यांना, तुमच्या भावाने काय केलं ते. एकदा सांगितलंही. ते रडले, मग रडणं कशासाठी होतं ते विसरले, आणि डोळे ओले कसे म्हणून घाबरले. परत सांगणार नाही.

या म्हणून लिहीत नाही. ते विचारतात, एवढं कळवते.

सुगंधा


दोंडाईचा,
२४ एप्रिल १९९६

जीवरामभाऊ,

आखाजीच्या सणाला तुम्ही याल असं वाटलं नव्हतं. तुम्ही गेलात त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

तुम्हाला घराच्या फाटकात पाहून ते अनवाणी धावले, ते तुम्ही पाहिलंत. "इतला दिन कथा व्हता?" म्हणत गळ्यात पडले, एकाच ताटात तुमच्याबरोबर पुरणपोळी जेवले, तुमच्या पांढऱ्या केसांना हसले. तुम्ही त्यांचा हात धरून म्हणालात, "मगन, मनं चुकनं रे." आणि ते हसत म्हणाले, "तुनं काय चुकी? येडा व्हयना का भाऊ?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी तव्यावरची पोळी उलटायला आत गेले. मुद्दाम गेले. ती माफी मी यांच्या वतीने द्यावी असं तुम्हाला वाटत होतं, आणि ती द्यायचा मला अधिकार नाही. माझ्या स्वतःच्या वाट्याची देणार नाही.

तुमची एस. टी. गेली. मी खरकटं आवरून बाहेर आले तर हे पायरीवर बसले होते, रस्त्याकडे बघत. मला म्हणाले, "भाऊ उना नही? कितला दिन व्हयनात."

मी म्हटलं, येऊन गेले, आत्ताच, तुम्ही एका ताटात जेवलात. माझं बोलणं त्यांना चेष्टा वाटली. रुसले. संध्याकाळी दिवा लावेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हा पुन्हा या. दर रविवारी या. मी स्वयंपाक करून ठेवीन आणि शाळेच्या वह्या घेऊन यशोदाबाईंकडे बसेन, तुमच्याशी बोलणार नाही. रत्ना बोलली तर तिची मर्जी. दर वेळी ते असेच धावत येतील, आणि तुम्ही दर वेळी चुकलं म्हणा, ते दर वेळी हसतील. हे तुम्हाला किती दिवस जमतं, तेवढं मला बघायचं आहे.

सुगंधा